दीड तांब्या पाणी

जोतीरामपुढं दाढीला बसायचं म्हणजे आधी भांडण ठरलेलं. गिऱ्हाईक म्हणायचं, "झालं की आता, लाव वस्तरा." जोतीराम म्हणायचा, "न्हाई." एवढंच. गिऱ्हाईक पुन्हा कुरकुरायचं, जोतीराम पुन्हा तेच म्हणायचा. न्हावी म्हणजे चार गावच्या गोष्टी सांगणारा, हा म्हसवडच्या बाजूचा अनुभव. पण म्हसवडपासून दोन कोसांवरच्या त्या वाडीत जोतीराम तोंड मिटून काम करायचा. तो घुमा नव्हता. तो आकडे मोजत असायचा.

त्याच्या बापानं घालून दिलेली रीत अशी. आधी कोरड्या फडक्यानं दाढी झाडायची. मग तीन दगडांच्या चुलीवर तापवलेल्या पाण्यानं कानापासून गळ्यापर्यंत तोंड धुवायचं. एकदा साबण लावून तो काढून टाकायचा. हा साबण फक्त मळासाठी. मग कढत पाण्यात पिळलेलं फडकं जबड्यावर दाबून धरायचं आणि मनात दोनशेपर्यंत मोजायचं. मग दुसरा साबण, ब्रशानं. मग ब्रश खाली ठेवून तीन बोटांनी केसांच्या उलट्या अंगानं चोळायचं, डावा गाल शंभर, उजवा गाल शंभर, हनुवटी दीडशे. शेवटी अंगठ्याच्या नखानं केस दाबून बघायचा. केस दबून तसाच राहिला तर वस्तरा. उठून उभा राहिला तर पुन्हा फडकं, पुन्हा दोनशे. वस्तऱ्याचं काम दोन मिनिटांचं, त्याआधीचं पंधरा मिनिटांचं. पाणी लागायचं दीड तांब्या. चांगल्या सालात कुणी तांब्या मोजत नव्हतं.

बहात्तरचं साल कोरडं गेलं. त्याच्या आधीचंही कोरडंच होतं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात वाडीच्या चारही विहिरींनी तळ दाखवला. गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. बाया माणसं सकाळी जायची, दिवसभर खडी फोडायची, दुपारी सरकारनं वाटलेली सुकडी खायची आणि संध्याकाळी पांढरी होऊन परत यायची. एक दिवसाआड टँकर येऊन मोठ्या विहिरीत पाणी ओतायचा. घरटी दोन घागरी. भाऊसो पाटलाची माणसं काठावर उभी राहून मोजायची.

अडचण अशी झाली की जोतीरामला त्याच साली जास्त पाणी लागायला लागलं. खडीची पूड दाढीच्या मुळात जाऊन बसायची. फडक्यानं झाडून निघायची नाही. जोतीराम एकदा धुवायचा, बोट फिरवायचा, बोटाला कच लागायची. पुन्हा धुवायचा. वस्तऱ्याखाली दगडाचा एक कण राहिला तर तो कण कातडी ओरबाडत जातो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो आपल्या घरच्या घागरीतलं पाणी वापरायचा. ती घागर त्याची बायको अंजना डोक्यावरून आणायची.

एक दिवस विहिरीवर दगडाबाई अंजनाच्या मागं रांगेत उभी होती. दगडाबाईच्या घरात सात तोंडं आणि घागरी दोनच.

"भर गं, भर," दगडाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला गावाची थोबाडं न्हाऊ घालायची हायेत. आमची पोरं राहू देत बिनआंघोळीची."

"माझ्या वाट्याचंच नेते," अंजना म्हणाली.

"वाट्याचंच नेतीस, पन ओततीस कुठं? बाप्यांच्या गालावर!"

बाया हसल्या. अंजना घरी आली आणि घागर इतक्या जोरात टेकवली की वरचं ओंजळभर पाणी हिंदकळून सांडलं. जोतीराम त्या ओल्या मातीकडं बघत राहिला.

"बघताय काय?" अंजना म्हणाली. "एवढं सांडलं तर जीव चाललाय. रोज दहा तांबे वतता ते?"

"ते सांडत न्हाई. ते लागतं."

"मला पन लागतं. आठ दिस झालं डोस्क्यावरनं पानी घेतलं न्हाई म्या."

 जोतीरामनं वस्तऱ्याची धोकटी उचलली आणि तो बाहेर गेला.

शनिवारी त्याला चावडीवर बोलावणं आलं. भाऊसो पाटील कठड्याला टेकून बसला होता. शेजारी मानसिंग. हा मानसिंग पंधरा वर्षं पलटणीत काढून पेन्शनीवर आलेला, खाकी अर्धी चड्डी घालून गावभर हुकूम सोडत फिरणारा. आणखी दहा-बारा जण होते. जोतीरामला कुणी बस म्हणालं नाही.

"जोतीराम, गावात पान्याची बोंब हाय," भाऊसो म्हणाला. "आजपास्नं एका दाढीला एक वाटी. वर थेंब न्हाई."

"वाटीत व्हत न्हाई भाऊसो."

"का व्हत न्हाई?"

"खडीची पूड हाय दाढीत. वाटीभर पान्यानं तिचा चिखल हुतो. तो चिखल वस्तऱ्याखाली आला की गाल सोलतो."

मानसिंग मोठ्यानं हसला. "आरं गड्या, बर्फात आमी थर्मासच्या झाकनाएवढ्या पान्यात दाढी करत हुतो. रोज. सकाळच्या फॉलीनच्या, हजेरीच्या आधी. तुझे हे लाड नव्हते तिथं."

"बर्फात धूळ नसती," जोतीराम म्हणाला.

हसायला निघालेले दोघं-तिघं गप्प झाले. ते मानसिंगला झोंबलं.

"आक्कल शिकवतूयास व्हय रं मला? ज्यानं मुलूख बघितला त्याला?"

"मी गाल बघितल्यात," जोतीराम म्हणाला.

भाऊसोनं हात वर केला. "लांबण नगं. वाटीत करतूस का न्हाई?"

"न्हाई."

"मग ऐक. पुढच्या सोमवारपातूर इचार कर. न्हाईतर म्हसवडचा एक मानूस तयार हाय, त्याला आनून बसवतो. एकदा दुसऱ्याची धोकटी गावात आली की ती माघारी जात न्हाई, एवढं ध्येनात ठेव."

 आज्याच्या काळापासून गावकीचं काम जोतीरामच्या घराकडं होतं. लग्नातलं, मयतीतलं, सणावाराचं, सगळं. शेताचा तुकडा नाही, दुसरा धंदा येत नाही.  "बरं," जोतीराम म्हणाला आणि निघाला. मागून मानसिंगचा आवाज आला, "तवर मी करतो सगळ्यांच्या. फुकाट!"

दुसऱ्या दिवशी जोतीरामच्या ओट्यावर कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. येणारा-जाणारा ओट्यासमोर येऊन मुद्दाम खाकरून थुंकायचा. मंगळवारी अंजनानं भाकरी त्याच्यापुढं सरकवली आणि म्हणाली, "ओट्यावर बसून आता कुनाची दाढी भिजवताय? चला खडी फोडाय. मुकादमाला सांगितलंय म्या."

तो गेला. हातोडा त्याच्या हाताला नवीन होता. पहिल्या दिवशी दोन बोटं चेचली. वस्तरा धरायची बोटं म्हणून त्यानं ती चिंधीत गुंडाळली, तर शेजारचा म्हणाला, "न्हाव्याला मेंदी लावा रं." दुपारपर्यंत त्याची स्वतःची दाढी पांढरी झाली. जिभेनं ओठ चाटला तर दाताखाली कच आली.

दुपारच्या सुट्टीत मानसिंगचं दुकान बाभळीखाली लागायचं. दगडावर गिऱ्हाईक बसवायचं. त्याच्याच गमछ्यानं तोंड पुसायचं. वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून गाल ओले केल्यासारखे करायचे, साबणाची वडी तशीच गालावर घासायची आणि पत्तीचा रेझर चालवायचा. खर्र खर्र आवाज इकडं जोतीरामपर्यंत यायचा. एका वाटीत तीन दाढ्या. पत्ती एकच. गुरुवारपर्यंत त्या एका पत्तीखालून एकवीस माणसं गेली. जोतीरामनं मोजली होती.

गुरुवारी भाऊसो काम बघायला आला आणि त्या दगडावर बसला. जोतीरामला राहवलं नाही. तो उठून बाभळीपर्यंत गेला.

"मानसिंग, आधी धूळ काढ. आन् पत्ती उकळून घे."

"आला बघा डाक्टर!" मानसिंग म्हणाला. "जा, हातोडा हान. ह्ये काम आता तुझं न्हाई."

"भाऊसो, गळ्याखाली तुमचे केस दोन बाजूनं येतात. भोवरा हाय. भिजल्याबिगर तिथं पत्ती चालवू नगा."

"माझा गळा माझ्यापाशी," भाऊसो म्हणाला. "तुझी वाटी तुझ्यापाशी. जा."

जोतीराम परत आला. पाठीमागं खर्र आवाज सुरू झाला, गळ्याशी येऊन अडला, आणि भाऊसोनं "स्स" केलं. मानसिंग म्हणाला, "काय न्हाई, काय न्हाई."

शनिवारी पहिल्या पुळ्या दिसल्या. रविवारी एकविसांपैकी सोळा जणांची तोंडं सुजली. पिवळ्या तोंडाच्या पुळ्या, दाढीच्या मुळाशी, घोसासारख्या. कुणाला भाकरी चावता येईना, कुणाला मान वळवता येईना. मानसिंगचा स्वतःचा डावा गाल भोपळ्यासारखा झाला होता. रोगराई तपासायला आठवड्यातून एकदा कामावर कंपौंडर यायचा. त्यानं बाटलीतलं जांभळं औषध काढलं आणि भाऊसोची हनुवटी वर करून बघितली.

"केस काढल्याशिवाय औषध आत जायचं नाही," तो म्हणाला. "आधी हे साफ करून घ्या. नाहीतर सांगलीला नेऊन चिरावं लागेल." वरवर जांभळं फासून, बाटली भाऊसोकडं ठेवून तो निघून गेला.

त्या संध्याकाळी वाडीत सोळा जांभळी तोंडं फिरत होती. एवढं होऊनही गावानं बोट दाखवलं ते जोतीरामकडंच. "त्येनं तळतळाट दिला," असं कुणी म्हणालं. "बाभळीखाली येऊन भोवरा भोवरा करत हुता, तवाच कायतरी केलं त्येनं," असं दुसरं म्हणालं. जोतीरामच्या कानावर ते आलं. त्याला बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. तो वस्तरा पट्ट्यावर लावत बसला. साठ वेळा इकडून, साठ वेळा तिकडून.

सोमवार उजाडला. चावडीवर गर्दी जमली. टँकरचा दिवस होता म्हणून बायाही घागरी घेऊन तिथंच थांबल्या होत्या. भाऊसोचं तोंड नीट उघडत नव्हतं. तो दात न हलवता बोलत होता.

"जोतीराम, कर दाढी."

"वाटीत?"

"लागंल तेवढं पानी घे. गावच्या विहिरीतनं. तुला रोज एक घागर जादा. लिहून ठेवा रं, न्हाव्याला एक घागर जादा."

बायांमध्ये कुजबुज झाली. अंजना पुढंच उभी होती. जादा घागर ऐकताच तिचा चेहरा एकदम सैल पडला. जोतीरामनं ते बघितलं. बघून मान फिरवली.

"नगं," तो म्हणाला.

"काय नगं?"

"गावचं पानी नगं. गावचं घेतलं तर उद्या दगडाबाई पुन्हा माझ्या बायकूची घागर मोजंल. ज्याला दाढी करायची त्येनं आपल्या घरनं पानी आनावं. दीड तांब्या. तापवून मी देतो."

"आवं!" अंजना ओरडली. "घागर देत्यात की! घ्या की!"

"न्हाई."

"कुनाच्या जिवावर न्हाई म्हनताय? वाहतं कोन?"

 अंजनानं घागर उचलली, कमरेवर मारली आणि रांग सोडून घराकडं चालू लागली.

भाऊसोनं आपल्या बायकोकडं बघितलं. भामाबाई जागची हलली नाही. "आपल्या घागरी संपल्यात्या काल," ती म्हणाली.

"रांजनात हाय."

"ते कालवडीचं हाय."

"आन म्हनतो ना!"

भामाबाई गेली आणि तांब्या घेऊन आली. जोतीरामनं आत डोकावून बघितलं. "अर्धा कमी हाय."

"मरू दे तुझा अर्धा!"

"न्हाई."

सगळा गाव भामाबाईकडं बघत होता. ती पुन्हा गेली, अर्धा तांब्या घेऊन आली आणि तो तिनं दगडावर आदळला. "कालवड मेली तर तुझ्या ओट्यावर आनून टाकते."

जोतीरामनं चावडीपुढंच चूल पेटवली. वस्तरा वेगळ्या भांड्यात उकळत ठेवला. ते पाणी त्याचं स्वतःचं होतं. भाऊसोच्या हनुवटीखाली त्यानं परात धरायला लावली. मग सुरू केलं. दुखऱ्या कातडीवर फडकं घासायचं नव्हतं म्हणून कढत पाण्याचं फडकं नुसतं पिळत राहिला, वरून खाली, वरून खाली. पुळ्यांवर सुकलेलं जांभळं सुटलं, मग पू सुटला, मग पूड. भाऊसोच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"पुरे रं."

"न्हाई."

दोनशे. पुन्हा दोनशे. बोटांनी चोळायचं होतं ते पुळ्यांच्या मधल्या वाटेनं, एका बोटाच्या टोकानं. चिंधीत गुंडाळलेली दोन बोटं त्यानं सोडली नाहीत. राहिलेल्या बोटांनी काम केलं, त्यामुळं वेळ दुप्पट लागला. टँकर आला, हॉर्न वाजला, तरी निम्म्या बाया हलल्या नाहीत. गळ्याच्या भोवऱ्यापाशी त्यानं नख टेकवलं. केस उठून उभा राहिला. पुन्हा फडकं. तिसऱ्या वेळी केस दबला.

मग वस्तरा चालला. आवाज आला नाही. दोन मिनिटांत जबडा मोकळा झाला आणि पुळ्या उघड्या पडल्या. भाऊसोनं दातावर दात दाबून धरले होते, पण वस्तऱ्यानं नवीन रक्त काढलं नाही. दगडाबाई पुढं येऊन परातीत वाकून बघत राहिली. वरचं गढूळ पाणी हळूहळू निवळत होतं आणि तळाला करड्या दगडाच्या पुडीचा थर बसला होता, नखभर जाड.

"हे सगळं ह्येच्या तोंडात हुतं?" ती म्हणाली.

"तुझ्या धन्याच्या तोंडात बी हाय," जोतीराम म्हणाला.

"माझ्या धन्याला मी दीड तांब्या द्यायची न्हाई," दगडाबाई म्हणाली. "वाढू दे दाढी गुडघ्यापातूर."

भाऊसोनं जांभळं औषध लावून घेतलं. उठताना तो जोतीरामकडं न बघता म्हणाला, "म्हसवडच्याला निरोप धाडा. येऊ नगं म्हनावं." आभार मानले नाहीत. जोतीरामनंही वाट बघितली नाही. तो चूल विझवत होता. कोळसे वाया जातात.

गावकी राहिली. पण गिऱ्हाईक गेलं. पाणी बायकांच्या हातात होतं आणि बायकांनी दाढीला पाणी न द्यायचं ठरवून टाकलं. पुळ्यांवाले पंधरा जण नाइलाजानं एकदा-एकदा आले. त्यानंतर आठवड्याला पाच-सहा दाढ्या. बाकी सगळी वाडी बैराग्यांच्या आखाड्यासारखी दिसायला लागली. कामावरचा मुकादम नावानिशी माणसं ओळखेनासा झाला. दाढी खाजली की जो तो जोतीरामच्या नावानं शिवी घालायचा. "एक घागर मिळत हुती ती लाथाडली आन् गावाला झिपऱ्या केलं," असं त्याच्या तोंडावर बोलायचे. तो दिवसा खडी फोडायचा आणि संध्याकाळी एखादा तांब्या घेऊन आला तर दाढी करायचा. एकाही दाढीला त्यानं मोजणी कमी केली नाही.

मानसिंग सगळ्यात शेवटी आला, पलटणीतली पाण्याची बाटली भरून घेऊन. जोतीरामनं बाटली तांब्यात ओतली. तांब्या भरला, वर दोन घोट उरले.

"एवढ्यात निम्मं काम हुतंय," जोतीराम म्हणाला.

"मग कर निम्मं!"

जोतीरामनं केलं. धूळ झाडली, तोंड धुतलं, पहिला साबण लावला, काढला, पुळ्या स्वच्छ केल्या. पाणी संपलं. त्यानं फडकं झटकलं आणि वस्तरा धोकटीत टाकला. "जा. बाकीचं पानी आनशील तवा बाकीची दाढी."

मानसिंगनं मातीवर थुंकून त्याच्या सात पिढ्या काढल्या आणि धुतलेलं, न खरवडलेलं तोंड घेऊन तो गावभर फिरला.

जोतीरामची स्वतःची दाढी तोवर दोन बोटं वाढली होती. एका रविवारी त्यानं चूल पेटवली, आरसा खुंटीला लावला आणि तांब्या घेऊन घागरीकडं वळला. अंजना घागरीवर हात ठेवून बसली होती.

"काय पायजे?"

"दाढी करतो."

"घरनं पानी आनलंय का?"

"हे घरच हाय की."

"घर तुमचं. पानी मी आनलेलं. दोन घागरी, डोस्क्यावरनं. जादा घागर चावडीवर तुमी सोडून आलाय, मी न्हाई."

त्यानं रिकामा तांब्या हातात धरून विचार केला. तिच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती. त्यानं आरसा खुंटीवरून उतरवला, फडक्यात गुंडाळला आणि चुलीतलं जळतं लाकूड बाहेर ओढून मातीत विझवलं. संध्याकाळी एकजण दीड तांब्या पाणी घेऊन आला. दोन बोटं दाढी वाढलेल्या जोतीरामनं त्याला दगडावर बसवलं, कोरडं फडकं घेतलं आणि मोजायला सुरुवात केली.